अलिबागच्या इस्राएल आळीत लग्न: साक्षीदार, सूर्यास्त आणि नमुना ड

आमच्या बेने इस्राएल समाजात आता बहुतेक लग्नं ठाण्याला नाहीतर मुंबईत होतात, आणि ते सोयीचंही आहे. ठाण्याचं 1879 सालचं शाआर हाशामाईम सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनामंदिर, घरापासून जवळ, माणसं जवळ, सगळं हाताशी. अलिबागला लग्न करायचं म्हटल्यावर काय काय उभं करावं लागतं हे सांगणारं आम्हांला कुणी भेटलं नाही. ज्यांची लग्नं तिथं झाली होती ती माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत, नाहीतर इस्राएलमध्ये अश्दोद आणि लोदला स्थायिक झालेली. म्हणून हे सविस्तर लिहून ठेवतेय. आमच्यातल्या कुणाला उपयोगी पडेल, आणि बाकीच्यांना कोकणात असंही एक लग्न लागतं हे कळेल.

ज्यांना आमच्याबद्दल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आम्ही यहुदी, मराठी बोलणारे, आडनावाच्या शेवटी बहुधा गावाचं ‘कर’ लावणारे. पूर्वजांचं गलबत नवगावजवळ फुटलं आणि सात पुरुष व सात बायका वाचल्या, असं आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. कोकणात आमचा धंदा तेल गाळायचा, आणि शनिवारी घाणा बंद. म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे. अलिबागची इस्राएल आळी आजही त्याच नावानं आहे. आळीतलं मागेन आबोथ सिनेगॉग 1848 सालचं, 1910 मध्ये नव्यानं बांधलेलं. माझे पणजोबा-पणजी, आजोबा-आजी, सगळ्यांची लग्नं तिथलीच. आजीनं नातीचंही तिथंच व्हावं असं एकदा म्हटलं आणि विषय संपला.

जून 2022 मध्ये ठरलं. पहिली अडचण तारखेची. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत शब्बाथ, आमचा विश्रांतीचा दिवस, तेव्हा लग्न नाही. सणांत नाही. आमच्या पंचांगातले 17 तम्मूझ ते 9 आब हे तीन आठवडे शोकाचे. त्या वर्षी ते जुलै-ऑगस्टमध्ये आले. सप्टेंबरच्या शेवटापासून रोश हशाना, किप्पूर, सुक्कोथ, सगळे सण ओळीनं. म्हणजे दिवाळीनंतरच. पण तेव्हा तुळशीचं लग्न लागतं आणि अलिबागचे सगळे हॉल जातात. आम्ही फोन केले तेव्हा नोव्हेंबर-डिसेंबरचे रविवार संपलेलेच होते.

मग एका हॉलवाल्या दादांनी चाचरत सांगितलं, “ताई, 8 जानेवारी मोकळी आहे, पण पौष आहे हो.”

मी म्हटलं, “आमच्यात तेवेत महिना आहे. चालेल.”

त्यांना काय कळलं देव जाणे, पण एरवी 35 हजारांना जाणारा हॉल 22 हजारांत मिळाला. पौषात सहसा कुणी लग्न काढत नाही, त्यामुळे मांडववाला, फुलवाला, फोटोग्राफर सगळेच मोकळे होते आणि भावही उतरलेले. रविवार, 8 जानेवारी 2023, म्हणजे 15 तेवेत 5783. तेवेतच्या दशमीचा उपास 3 तारखेला होऊन गेलेला. कॅलेंडर शेजारी ठेवून बघाल तर आमच्या समाजासाठी पौष हा सोन्यासारखा महिना आहे.

तारखेबाबत एक गोष्ट कुणी उघडपणे सांगत नाही, ती मी सांगते. लग्नाआधी मुलीला तबिला, म्हणजे शुद्धिस्नान करावं लागतं, आणि ते पाळी संपल्यावर सात स्वच्छ दिवस मोजून. त्यामुळे हॉल ठरवण्याआधी आईनं मला बाजूला घेऊन विचारलं. लाज वाटली, पण हा हिशेब आधीच केलेला बरा. अंगलट आल्यावर डॉक्टरांकडे गोळ्यांसाठी धावलेल्या दोघी मला माहीत आहेत.

कागदपत्रांचं काम जुलैपासून सुरू झालं. सिनेगॉगच्या विश्वस्तांना साधा अर्ज: दोघांची नावं, आईवडिलांची नावं, तारीख, वेळ. सोबत आमच्याकडून मागितले ते कागद असे: दोघांचे जन्मदाखले, आधार, फोटो, आपापल्या सिनेगॉगचं ‘यांचं आधी लग्न झालेलं नाही’ असं पत्र, आणि दोन्ही घरच्या आईवडिलांची केतुबा. केतुबा म्हणजे आमचा लग्नाचा करारनामा. माझ्या आईची कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, तांदळाच्या डब्यामागे. ह्याच्या, म्हणजे नवऱ्याच्या, आईची सापडली, पण तिच्यावरच्या साक्षीदाराचं नाव वाळवीनं खाल्लेलं. मग आणखी एक पिढी मागे जायचं ठरलं. ह्याच्या आजीची केतुबा तिचा भाऊ 1970 च्या दशकात अश्दोदला घेऊन गेला होता. व्हॉट्सॅपवर फोटो आला, तो अंधारातला. दुसरा आला तो उलटा. तिसरा एकदम स्वच्छ, चारही कोपरे दिसणारा. म्हाताऱ्या मामांनी नातवाला खिडकीजवळ उभं केलं होतं.

इतक्या जुन्या कागदांना आमच्यात किती जपतात ते पाहून ह्याच्या ऑफिसमधल्या मित्रांना नवल वाटलं. त्याला कारण आहे. 1962 मध्ये इस्राएलच्या मुख्य रब्बीनं, म्हणजे धर्मगुरूनं, असा नियम काढला की बेने इस्राएल माणसाचं लग्न लावण्याआधी त्याच्या पूर्वजांची पिढ्या मागे जाऊन चौकशी करावी. आमची माणसं रस्त्यावर उतरली, धरणं धरली. 1964 मध्ये तो नियम मागे घ्यावा लागला. त्या काळात जी माणसं तिकडं तरुण होती, ती अजून लग्नाचा कागद पासपोर्टसारखा सांभाळतात. तुमच्या घरी जुनी केतुबा असेल तर लग्न ठरायची वाट न बघता आजच स्कॅन करून ठेवा.

कागद जमले, ऑगस्टअखेर परवानगीही मिळाली. मी समजले, संपलं. खरं काम तिथून पुढं होतं.

केतुबेवर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. हजानसाहेबांनी, म्हणजे सिनेगॉगात प्रार्थना चालवणाऱ्या आणि लग्न लावणाऱ्या गृहस्थांनी, फोनवर अटी सांगितल्या: प्रौढ यहुदी पुरुष, शब्बाथ पाळणारे, वधूचे नातेवाईक नकोत, वराचे नकोत, आणि एकमेकांचेही नकोत. काका, मामा, चुलतभाऊ, मावसभाऊ बाद. बहिणीचा नवरा, आत्येबहिणीचा नवरा, तेही बाद. मिन्यानसाठी, म्हणजे प्रार्थनेला लागणाऱ्या तेरा वर्षांपुढच्या दहा पुरुषांसाठी, नातेवाईक चालतात. त्याची चिंता नव्हती. पण साक्षीदार? आमच्या समाजात ठाण्याच्या रिक्षा स्टँडवर दोन अनोळखी माणसं भेटली तरी पाचव्या मिनिटाला तिसऱ्या आजीवरून नातं निघतं.

बाबा आणि सासरे वही घेऊन बसले. पनवेलचे एक निवृत्त गृहस्थ, अगदी योग्य. शब्बाथला फोनही उचलत नाहीत. त्यांना विचारलं, ते हो म्हणाले, मिठाईही पोचली. मग आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “अरे, त्यांची बायको माझी सख्खी मामेबहीण.” बाद. पेणचे एक शिक्षक ह्याच्या चुलत्याचे मेव्हणे निघाले. हजानसाहेब म्हणाले ते चालतील, पण त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आधीच मिळालेली. ऑक्टोबर-नोव्हेंबर असे गेले. शेवटी पुण्याच्या सुक्काथ शेलोमो सिनेगॉगचे एक काका मिळाले, ज्यांचं मूळ गाव आमच्यापैकी कुणाच्याच वंशावळीत नव्हतं, आणि मुंबईचा एक तिशीतला मुलगा. दोघांच्याही आज्यांची माहेरची नावं मागवून घेतली. तो मुलगा हसून म्हणाला, “माझ्या स्वतःच्या लग्नात एवढी चौकशी झाली नव्हती.”

माझा सल्ला: हॉलच्या आधी साक्षीदार शोधा. आणि दोन नव्हे, तीन. शिवाय तिघांतला एक तरी आदल्या दिवशीपासून गावातच मुक्कामी असू द्या. हे मला का सुचलं ते पुढं येईल.

जेवणाचं बोलणं डिसेंबरमध्ये झालं. अलिबागचा आचारी हुशार, हाताला चव असलेला. त्याला सांगितलं, कोळंबी नाही, खेकडे नाहीत, तिसऱ्या नाहीत, शिंपल्यातलं काहीच नाही. खवल्यांचा आणि परांचा मासा तेवढा चालेल. तो माझ्याकडं बघतच राहिला. “मग अलिबागला येऊन पाहुण्यांनी खायचं काय?” पापलेट आणि रावस यांवर तडजोड झाली. मटण-चिकन ठेवलंच नाही. हजानानं कापलेलं आणायचं तर शब्बाथमुळे शुक्रवारी दुपारीच आणून ठेवावं लागलं असतं. आमटीला नारळाचं दूध, भात, पुऱ्या, आणि गोडाला चिकाचा हलवा. त्यातही गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध, गाईचं नाही. भांडी आचाऱ्याची नको म्हणून ठाण्याहून समाजाची टोपं-पातेली टेम्पोत घालून आणली. दीडशे माणसांचं जेवण ताटामागं 380 रुपयांत बसलं. टेम्पोचे 6 हजार वेगळे.

आम्ही घरचे गुरुवारी, 5 जानेवारीलाच अलिबागला गेलो. शनिवारी प्रवास करायचा नाही, म्हणून लग्नघरच्या माणसांना शुक्रवारच्या आत पोचावंच लागतं आणि दोन रात्रींच्या खोल्या जास्तीच्या लागतात. खर्चाच्या अंदाजात हे धरा. आमच्या हिशेबात हॉलपेक्षा खोल्यांचे पैसे जास्त झाले. ज्यांना गुरुवारी सुटी नव्हती ते शुक्रवारी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीनं गाडीसकट मांडव्याला उतरले. हा मार्ग म्हाताऱ्यांना फार सोयीचा.

तबिल्याला समुद्र चालतो. आईची कल्पना अशी की शुक्रवारी पहाटे, कुणी नसताना जावं. आळीतल्या शेजारच्या कोळीणकाकूंनी ते ऐकलं आणि कपाळाला हात लावला. “पुनवेला पहाटे पाणी कुठं गो? चालत किल्ल्यात जाशील!” खरंच, त्या दिवशी पौर्णिमा होती. पौर्णिमा-अमावास्येला आमच्या किनाऱ्यावर भरती दुपारी बाराच्या आगंमागं आणि पहाटे सहाला पूर्ण ओहोटी. लोक कुलाबा किल्ल्यापर्यंत पायी जातात. तेव्हा भर दुपारी, माणसांच्या गर्दीपासून लांब, काकूंनीच दाखवलेल्या जागी गेलो. आई, आत्या आणि मी. लग्नाआधी नवरीला दिवसा चालतं, हे हजानसाहेबांना विचारून घेतलं होतं. अंगावर दागिना नाही, नखांना रंग नाही, केस पूर्ण मोकळे, आणि सगळं डोकं पाण्याखाली जायला हवं. लाट आली की पाय सुटायचे; आत्या ओरडायची, “केसांचं टोक राहिलं, परत!” पाणी जानेवारीतही कोमट होतं. बाहेर आल्यावर मला एवढं हलकं वाटलं की महिनाभराची धावपळ त्या खाऱ्या पाण्यातच राहिली असावी.

शनिवार शांत गेला. कुणी फोन केला नाही, कुणी यादी काढली नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी सक्तीची विश्रांती असणं ही आमच्या पूर्वजांनी केलेली फार शहाणपणाची सोय आहे, असं माझं मत.

आकाशात तीन तारे दिसले आणि मग पळापळ. शब्बाथ सुटल्यावरच मेहंदी लावता येणार होती. मावशीनं पोहे भिजवले, ओलं खोबरं शुक्रवारीच खवून फ्रिजात ठेवलेलं, त्यात साखर, वेलची, बदाम, मनुका. हा मलिदा. ताटात मध्ये मलिदा, भोवती खजूर, केळी, सफरचंद, आणि वास घ्यायला सब्जाची पानं. झाडाच्या फळाचा आशीर्वाद वेगळा, जमिनीतून येणाऱ्याचा वेगळा, सुगंधाचा वेगळा; एकेक म्हणत एकेक खायचं. सगळं एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, नावानं. अलिबागजवळ खंडाळ्याला त्याच्या रथाच्या खुणा खडकावर दाखवतात, तिथं आम्ही नवस बोलतो आणि फेडायलाही जातो. साक्षीदार मिळेनात तेव्हा सासऱ्यांनी बोललेला नवस त्यांनी मागाहून तिथंच फेडला.

मी हिरवी साडी, हातभर हिरवा चुडा. माझे दोन्ही हात मेहंदीनं भरले. नवऱ्याच्या उजव्या हाताच्या तर्जनीला मेहंदी थापून तिच्यावर कापड गुंडाळलं. त्याला मोबाइल वापरता येईना, त्यामुळे रात्रभर माणसांशी बोलत बसला. ठाण्याची मंडळी तोवर निघालेलीही नव्हती, म्हणून मेहंदीला आम्ही घरचे आणि आळीतले शेजारीच. गाणी कोण म्हणणार हा प्रश्न होता, कारण आमच्या मेहंदीची मराठी गाणी पाठ असलेली एकटी आजी, आणि तिला दोन ओळींत धाप लागते. कोळीणकाकूंबरोबर पलीकडच्या वाडीतली एक आगरी आजी आली होती. त्यांच्या लग्नात धवले गातात. आजी थांबली की ती सुरू करायची. देव वेगळे, गाण्यातली नावं वेगळी, पण मुलगी सासरी जाण्याचा सूर तोच. आमच्या आजीनं तिला मलिद्याचं ताट स्वतःच्या हातानं दिलं.

रविवार. लग्न चारला. सूर्यास्त साधारण सव्वासहाचा. हे का महत्त्वाचं? आमची तारीख सूर्यास्ताला बदलते. केतुबेवर ‘रविवार, 15 तेवेत’ लिहिलेलं. सह्या सूर्य बुडाल्यावर झाल्या तर दिवस चुकतो आणि कागद नव्यानं लिहावा लागतो. हजानसाहेब सकाळीच रो-रोनं आले होते. साडेतीनला सिनेगॉग भरायला लागलं, हा पांढऱ्या कपड्यांत तयार, मी पांढऱ्या साडीत शेजारच्या घरात. आणि दोन्ही साक्षीदार वडखळ नाक्यावर. ठाण्याची बस आणि पुण्याच्या काकांची गाडी वेगवेगळ्या रस्त्यांनी येऊन एकाच कोंडीत अडकली होती. रविवारी दुपारचं वडखळ ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको.

साडेचार. पाच. आत बायका पंख्यानं वारा घेतायत, पोरं आवारात पळतायत, आणि हजानसाहेब दर दहा मिनिटांनी दारात येऊन आकाशाकडं बघतायत. त्यांनी कोरी केतुबा पिशवीत आणली होती, म्हणाले, “गरज पडली तर सोमवारची तारीख घालू, लग्न मोडत नाही, बाळा.” हे त्यांनी माझ्या आईला सांगितलं ते फार बरं केलं. सव्वापाचनंतर आधी काका आले, मागोमाग बस. मुंबईचा मुलगा बसमधून उतरून आळीभर पळत आला.

मग सगळं भराभर झालं, तरी घाईत झालं असं वाटलं नाही. मी दारातून आत शिरले आणि तेबावर, म्हणजे सिनेगॉगातल्या व्यासपीठावर, उभ्या नवऱ्यानं ‘योनाती झीव’ हे गाणं सुरू केलं. आमच्यात नवरी येताना नवरा स्वतः गातो. ह्यानं तीन महिने लोकलमध्ये कानात रेकॉर्डिंग घालून पाठ केलं होतं. दुसऱ्या ओळीला आवाज फाटला, तेव्हा सगळ्या सिनेगॉगनं ते गाणं उचललं, त्याला मागे लागायचीही गरज राहिली नाही. पेल्यात वाइनऐवजी काळ्या मनुकांचं शरबत, घरी केलेलं. आशीर्वाद, त्याचा घोट, माझा घोट. अंगठी उजव्या तर्जनीत. आदल्या रात्रीच्या मेहंदीनं बोट अजून लालभडक होतं. केतुबा मोठ्यानं वाचली, अरामीतून, आणि मग मराठीत मतलब. त्यात नवरा बायकोला दोनशे झूझ, म्हणजे जुन्या काळची नाणी, देणं लागतो असं लिहिलेलं असतं. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, “जीपे चालेल का?” सह्या झाल्या तेव्हा खिडकीत अजून ऊन होतं. सात आशीर्वाद, पेला फुटला, आणि मंगळसूत्र सासूबाईंनी गळ्यात घातलं. काळ्या मण्यांचं, तुमच्यासारखंच.

सिनेगॉगला 11 हजार देणगी दिली. हजानसाहेबांनी प्रवासखर्चापलीकडं काही घेतलं नाही, म्हणून त्यांच्या बायकोसाठी साडी दिली. ती त्यांनी घेतली.

सरकारी नोंदणी फेब्रुवारीत केली. यहुदी लग्नाचा भारतात वेगळा कायदा नाही. लग्न धर्माच्या रीतीनं लागतं आणि नोंदणी महाराष्ट्राच्या 1998 च्या विवाह नोंदणी कायद्याखाली होते. लग्नापासून 90 दिवसांच्या आत गेलात तर विलंब शुल्क नाही. आम्ही नवऱ्याच्या राहत्या पत्त्याच्या प्रभागात गेलो. ‘नमुना ड’ हा नोंदणीचा फॉर्म, त्यावर शंभर रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, लग्नाचा फोटो, पत्रिका, तीन साक्षीदार. सरकारला काका-मामा चालतात! बाबा, मामा आणि ह्याचा आतेभाऊ, दहा मिनिटांत तिघं उभे. एवढं सोपं साक्षीदार मिळणं मला पचतच नव्हतं.

पुरोहिताच्या रकान्यात हजानसाहेबांचं नाव, पत्ता, सही आणि आधारची प्रत लागली. हे लग्नाच्या दिवशीच करून घ्या. आम्ही फॉर्म अलिबागला नेला होता म्हणून वाचलो. खिडकीवरच्या बाईंनी केतुबा उलटसुलट पाहिली आणि विचारलं, “ह्यात तारीख कुठंय?” मी बोट ठेवलं. त्या म्हणाल्या, “वाचायची कशी?” हजानसाहेबांनी लेटरहेडवर मराठी मजकूर सही-शिक्क्यानिशी आधीच दिला होता, तो जोडला. धर्म विचारल्यावर ‘यहुदी’ म्हटलं, तर त्यांनी पारशी का म्हणून विचारलं. महाराष्ट्रानं आम्हांला 2016 मध्येच अल्पसंख्याक दर्जा दिलाय, पण ते प्रत्येक खिडकीपर्यंत पोचायला वेळ लागणारच. बाई चांगल्या होत्या. सगळं समजून घेऊन शेवटी म्हणाल्या, “पौषात केलंत ना, म्हणून तारीख बघून मला वाटलं पळून-बिळून.”

आठवड्याभरात दाखला मिळाला. नावाचं स्पेलिंग काउंटरवरच तपासा. आमच्या नावांची इंग्रजी स्पेलिंगं आधारवर एक, पासपोर्टवर दुसरी असतात, आणि मागाहून दुरुस्ती म्हणजे नवा अर्ज. मूळ केतुबा कुठल्याही कार्यालयात जमा करू नका, प्रतच द्या. ती बायकोच्या मालकीची असते आणि तिच्याकडंच राहायला हवी. माझी सध्या बँकेच्या लॉकरमध्ये आहे, आणि स्कॅन अश्दोदच्या मामांकडं.